पौनीकर काकांचा अंदाज

गोळीबार चौकातून आत, पिठाच्या गिरणीला लागून,
जिथे पौनीकरांचे दोन माग होते
तिथे आता चार टीव्ही आहेत.
तासाला चाळीस रुपये, चपला बाहेर.
भिंतीतले खुंटे तेवढे मागाच्या वेळचे,
त्यांवर हेडफोन टांगलेले.

जूनची आठ तारीख. रात्र झाली तरी
भिंतीला पाठ टेकवत नाही.
कूलर बादलीभर पाणी पितो आणि ओली वाफ ओकतो,
आणि आम्ही चौघं साडेदहाची वाट बघतोय.
तिकडे कुठल्याशा थंड गावात सकाळ असेल,
कोणीतरी काळा टीशर्ट घालून मंचावर येईल
आणि सांगेल, किंवा नाही सांगणार,
की 'कंदील'चा तिसरा भाग येतोय.

खरं नाव लांबलचक आहे, जिभेला वळत नाही.
एक माणूस कंदील घेऊन बर्फातून चालत राहतो,
म्हणून आम्ही कंदील म्हणतो.
दुसरा भाग आला तेव्हा मी नववीत होतो.
आता माझ्या नावावर मोटरसायकलचं कर्ज आहे.

सुगत इंदोऱ्याहून पुरावे घेऊन आलाय, वहीत.
आमंत्रणाच्या चित्रात, डावीकडे, तीन कावळे.
संगीतकाराने टेबलाचा फोटो टाकला, त्यात तीन कप,
त्यातला एक उपडा.
"उपडा म्हणजे शेवटचा भाग."
"उपडा म्हणजे धुतलेला," देवश्री म्हणते.
फैजान सांगतो, त्याचे मामू असेच
कॅलेंडरातल्या म्हशीच्या शिंगांवरून आकडा काढायचे.
"लागायचा काय बे?"
"एकदा लागला. त्या एकदापायी घर गेलं."

देवश्रीला मोठा नकाशा नको, नवी तलवार नको.
दुसऱ्या भागात नावाड्याची मुलगी काठावर राहून गेली,
तिला निदान नाव तरी द्या, म्हणते.
नऊ वर्षं उभी आहे ती तिथे.
फैजान म्हणतो, नव्या मशीनवरच चालणार असेल
तर न आलेला बरा,
आणि लगेच जीभ चावतो.

काका पाइप घेऊन कूलर भरायला आले.
वळून न बघता म्हणाले,
"घोडा येते बे यंदा."
आम्ही हसलो.
"हसता काय? किती चालवून राहिले त्याले.
पाय नाही दुखत काय त्याचे?"
काकांनी आयुष्यात रिमोटशिवाय
कुठलं बटण दाबलेलं नाही.
सुगतने त्यांचा अंदाज लिहूनसुद्धा घेतला नाही.

मग सव्वा तास.
गाड्यांच्या शर्यती. फुटबॉल. ट्रॅक्टर चालवायचा एक खेळ.
कोणीतरी रडलं मंचावर, का ते कळलं नाही.
दर वेळी पडदा काळा झाला की
आम्ही खुर्चीच्या टोकावर, आणि दर वेळी
दुसऱ्याच कोणाचं काहीतरी.
सांबारवडी संपली. शेवटी आभार मानले.
सुगतने वही मिटली, रबर लावला.

आणि पडदा गेला नाही.
काळाच राहिला.
त्या काळ्यात, लांबून, काहीतरी वाजत आलं.
सात सेकंद. नाव नाही, तारीख नाही.
संपलं.

"पाऊस आहे," फैजान.
"दार ठोकतंय कोणी," मी म्हणालो.
देवश्री काही बोलली नाही. तिने मागे घेतलं,
पुन्हा लावलं, पुन्हा, अकरा वेळा.
काका उंबऱ्यात उभे होते, हातात रिकामी बादली.
लहानपणी त्यांच्याकडे सूत टांग्यातून यायचं,
कोणाचा टांगा वळला ते
त्यांना माजघरातून कळायचं.

"घोडा होय," ते म्हणाले,
"अन् उजव्या पायाची नाल ढिली हाये त्याची."

कोणी हसलं नाही.
गिरणीवरचं मांजर पत्र्यावरून गेलं.
सुगतने वहीचा रबर काढला,
कोरं पान शोधलं, वर तारीख घातली,
आणि जरा खाकरून विचारलं,
"काका, पुढचा उजवा की मागचा?"

"परत लाव."